दोनशे बाराव्या पानावरची ओवी

शंभराच्या वर पीएच.डी. माझ्या हातून झाल्या, माझी स्वतःची एकही नाही. ही तक्रार नव्हे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कधी गेले तर मराठीच्या प्रबंधांच्या कपाटापुढं मी जरा जास्तच वेळ रेंगाळते. हा माझा, हाही माझा, हा दुसऱ्या कुणाचा, समास बघा की कसे वाकडे, असं मनातल्या मनात चाललेलं असतं. कपाटाजवळच्या शिपायाला वाटतं बाई फार अभ्यासू आहे.

मी टायपिस्ट. विद्यापीठाच्या रस्त्याला पत्र्याची एक टपरी, त्यात मराठी टाइपरायटर, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. यात माझी पंचवीस वर्षं गेली. माझं माहेर-सासर दोन्ही पडेगावचं. वडील तिथले शेतकरी. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत तिसरीपर्यंत शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, मराठी आली, पण वडिलांच्या डोळ्यांना ती अक्षरं कधी सरावली नाहीत. शहागंजच्या बाजारात भाजी घालून आले की दुकानांच्या पाट्या मला वाचायला लावायचे. आमच्या सगळ्या भावकीत पहिली बी.ए. मी. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी मार्कशीट उलटीच धरली होती आणि तशीच सगळ्या गल्लीला दाखवली.

ज्यांनी टाइपरायटर फक्त सिनेमात बघितलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रबंधाच्या पाच प्रती लागत. वर एक जाड कागद, त्याखाली चार पातळ, मधी चार कार्बन. पाचव्या कागदावर अक्षर उमटायचं तर बोट खिळा ठोकल्यासारखं पडायला पाहिजे. कार्बन घाईत उलटा लागला तर अक्षरं पानाच्या पाठीवर उमटतात, मग आरसा घेऊन बसा. चूक झाली की पाचही कागदांवर ब्लेडनं खरवडायची, एकेक करून. पण खरी डोकेदुखी तळटिपांची. पानाच्या खाली किती जागा सोडायची हे पान सुरू करतानाच ठरवावं लागे. अंदाज दोन ओळींनी चुकला की पान बाद.

ही बाद पानं मी फेकली नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी कथा लिहायची. एका बाजूला 'संतसाहित्यातील भक्तिभावना : एक चिकित्सा', दुसऱ्या बाजूला माझ्या कथेतली जाऊबाई नवऱ्याशी भांडतेय. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक परिच्छेद होई. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणायचो, चुलीपुढून बघायच्या.

"दिवसभर लोकांचं लिहून पोट भरत नाय का गं? घरी येऊन आणिक लिहिती."

"हे माझं हाय, आत्या."

"मंग त्येला तरी कुणी वाचतं का?"

मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

त्यातच मी एम.ए.ला बसायचं ठरवलं. फॉर्म बहिःस्थ म्हणून भरला, पण मराठी विभागातल्या देशमुख मॅडम भल्या होत्या. अकराच्या तासाला मागच्या बाकावर बसू देत. टपरीवर मी पाटी लावायची, 'तासावर गेले आहे'. गिऱ्हाईक हसायचं. आमचे हे चिकलठाण्याला कारखान्यात फिटर. त्यांची पाळी सकाळची असली की संध्याकाळच्या भाकरी तेच थापायचे, आणि माझ्यापेक्षा गोल थापायचे. ते नसते तर यातलं काहीच जमलं नसतं. हे त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. एका सरांनी अख्खं तिसरं प्रकरण लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहून आणलं. मुद्दा कळला नाही की पान उलटून नवरा-नवरीची नावं वाचायची, तेवढंच मनोरंजन. दौलताबादकडचे एक जुन्या घराण्यातले गृहस्थ आपल्याच घराण्याच्या इतिहासावर संशोधन करत होते. स्टुलावर बसून माझ्या बोटांवर नजर ठेवायचे.

"बाई, पणजोबा 'पळाले' नका टाकू. 'प्रस्थान केले' टाका."

"पण तुमच्याच कागदात पळाले लिहिलंय."

"म्हणून तर सांगतोय ना!"

मी 'प्रस्थान केले' टाकलं. टायपिस्टनं समोरच्या कागदात जे आहे ते टाकायचं, नाहीतर गिऱ्हाईक सांगेल ते. स्वतःचं टाकायचं नाही. आमच्या धंद्याचा हा एकच नियम. तो मी पंचवीस वर्षांत एकदा मोडला, ते आता सांगते.

जमीर सर कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. मुसलमान घरातल्या बायका जात्यावर मराठी ओव्या म्हणतात, त्या त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या होत्या. निम्म्या त्यांच्या स्वतःच्या आईकडून. प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव, वय, गाव. इतका नेटका हस्तलिखित प्रबंध मी दुसरा पाहिला नाही. एका कॉलेजात त्यांची निवड झाली होती, पण अट अशी की पीएच.डी.चा निकाल हातात आल्यावरच रुजू व्हायचं. तारीख जवळ येत चालली होती.

शेवटच्या प्रकरणात एका ठिकाणी त्यांनी चार ओळींची जागा मोकळी सोडली होती. कडेला पेन्सिलीनं, 'इथं सरतीची ओवी. अम्मीला आठवली की देतो.' सरतीची म्हणजे दळण संपताना म्हणायची.

"ताई, मी लहान होतो तेव्हा जात्याजवळच झोपलेलो असायचो," ते म्हणाले. "सगळ्यात शेवटी अम्मी एक वव्ही म्हणायची अन् जातं थांबायचं. आवाज आठवतो, शब्द नाय. अम्मीला पण याद नाय आता. गावात गिरणी आल्यापासून जातं कुठं राहिलंय? जाऊन पुन्हा विचारतो. परवा देतो."

परवा ते आले नाहीत. शाळेत तपासणी लागली होती. त्याच आठवड्यात दोन कागद माझ्या हातात पडले. एक देशमुख मॅडमनी तपासलेली माझी सराव-उत्तरपत्रिका. त्यावर लाल शाईत, 'उत्तर सुंदर. पण विचारलेल्या प्रश्नाचे नाही.' दुसरा, एका दिवाळी अंकाकडून साभार परत आलेली कथा. सोबत चिठ्ठी, 'लेखन अभ्यासपूर्ण आहे, जिवंतपणा हवा.' म्हणजे अभ्यासात मी कथा लिहीत होते आणि कथेत अभ्यास. दुपारची वेळ, टपरीचा पत्रा तापलेला, आणि मशीनवर पान दोनशे बारा, मधी चार ओळींची मोकळी जागा. माझी बोटं चालली.

दळून झालं बाई, पिठी उठला माझा हात
रेघा वाचायाला उभी, पहाट गं दारात

टाकून झाल्यावर वाचली. चांगली होती. पाचव्या प्रतीवरसुद्धा स्वच्छ उमटली होती. आधी वाटलं, सर आले की सांगू, हसू आणि पान बदलू. पण सर आले ते रिक्षा उभी करून. पानं उचलली आणि थेट शहागंजात बाइंडरकडं. पहिली प्रकरणं त्यांनी अक्षर न् अक्षर तपासली होती, हे शेवटचं तपासायला सवड मिळाली नाही. त्या घाईत सांगायचं विसरले असं मी म्हणू शकते. पण विसरले नव्हते. ती कुणाला ओळखू येते का, हे मला बघायचं होतं.

काही महिन्यांनी सरांची मौखिक परीक्षा ठरली. आमच्याकडं रीत अशी की परीक्षेला टायपिस्टलाही बोलवायचं, नंतरचा चहा-पेढा तिलाही. मी इस्त्रीची साडी नेसून मागच्या बाकावर बसले. सरांची आई पुढच्या रांगेत, पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन, दोन्ही हात मांडीवर. त्यांना सगळे अम्मा म्हणत होते. मार्गदर्शक देशमुख मॅडमच. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक वयस्कर बाई होत्या, आवाज बारीक, चष्मा जाड. त्यांच्यापुढच्या प्रबंधात खुणेच्या चिठ्ठ्या घातलेल्या.

तासभर सर छान बोलले. मग बाईंनी एक चिठ्ठी धरून पान उघडलं.

"पान दोनशे बारा. या प्रबंधातली मला सगळ्यात आवडलेली ओवी." त्यांनी ती वाचून दाखवली. माझे कान गरम झाले. "पण हिच्याखाली म्हणणारीचं नाव नाही. बाकी सगळ्यांखाली आहे. कुणाची ही?"

सरांनी आपली प्रत उघडली. पान बघितलं, पुन्हा बघितलं. मग त्यांची मान हळूहळू वळली आणि नजर थेट माझ्यावर आली. त्यांना 'माझ्या अम्मीची' म्हणता आलं असतं. कुणी शंका घेतली नसती.

"अम्मा, तुमची का ही?" बाईंनी त्यांनाच विचारलं.

"माझी नाय," अम्मा म्हणाल्या. "आमच्यात अशी कुणी म्हणत नाय. रेघा वाचाया येतंय कुणाला? पण हाय चांगली."

"मग एक खोटी असेल तर बाकीच्या दोनशे खऱ्या कशावरून?" बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्तच लागला. "मी सही कशावर करू?"

मी उभी राहिले. "बाई, ती मी केली. मशीनवर. सरांना ठाऊक नाही."

"तुम्ही कोण?"

"टायपिंगवाली."

कुणीतरी फिसकन हसलं. देशमुख मॅडमनी डोळे मिटून घेतले. माझं एम.ए. तिथंच आटोपलं असं मला वाटलं, पण त्या वेळी त्याचं काही नव्हतं. सरांची नोकरी डोळ्यांपुढं होती. परीक्षक बाई अम्मांकडं वळल्या.

"तुमच्या नावावर शंभराच्या वर ओव्या आहेत इथं. म्हणून दाखवता थोड्या?"

अम्मांनी तोंड उघडलं, मिटलं. एक ओळ आली, पुढची येईना. हात मांडीवर उगीच गोल फिरायला लागले. सर कपाळ पुसत होते.

"खुर्चीवर बसून वव्ही येत नाय बाई," अम्मा शेवटी म्हणाल्या. "हाताला जातं लागतंय."

"आता जातं कुठून आणायचं?" मॅडम म्हणाल्या.

मी अजून उभीच होते. "आमच्या घरी हाय. पडेगावला. आत्या डाळ भरडतात त्याच्यावर."

परीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी संध्याकाळची आहे," त्या म्हणाल्या आणि प्रबंध काखेत मारला.

अशी ती परीक्षा दोन रिक्षांतून पडेगावला आली. घराच्या वळणावर सर फक्त म्हणाले, "ताई, क्या कर दिया तुमने." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दारात आत्या लसूण सोलत बसलेल्या. दोरीवर यांचे कारखान्याचे कपडे, ओट्यावर कुकर, आणि कुकरशेजारी माझ्या कथेची पानं, त्यांवर तेलाची बरणी ठेवलेली. आत्यांनी एवढी माणसं बघितली आणि मला बाजूला ओढलं.

"कोण गं ही? पोरगी बघाया आले का? ती तर अजून शाळंत हाय."

"परीक्षा हाय, आत्या. जातं पाहिजे."

"परीक्षेला जातं?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की अखेर या बाईचं डोकं फिरलंच. पण जातं काढून दिलं, खाली पोतं अंथरलं, खुंटा ठोकून घट्ट केला. सुपात दोन शेर ज्वारी ओतली. अम्मा पदर खोचून बसल्या. एकटीला ओढेना तेव्हा आत्या समोर बसल्या आणि त्यांनीही खुंट्याला हात घातला. दोघी एकमेकींचं नावसुद्धा विचारायच्या राहिल्या.

दोन-तीन फेरे नुसती घरघर. मग अम्मांच्या तोंडून पहिली ओवी आली, आणि एक आल्यावर मागून रांगच लागली. भावाची, माहेराची, पिराच्या उरुसाची, शेजारणीच्या बांगड्यांची. परीक्षक बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर प्रबंध, हातात पेन्सिल. ओवी आली की पान शोधायच्या आणि खूण करायच्या. काही पानांवर खुणा दाटीनं होत गेल्या. मधी त्यांनी मान वर केली आणि जमीर सरांकडं बघून नुसती हलवली. सर चौकटीला धरून उभे होते, ते तिथंच खाली बसले.

पाऊण तासानं सूप रिकामं झालं. शेवटची मूठ अम्मांनी जात्याच्या तोंडात सोडली. घरघर पातळ झाली. आणि मी त्यांचा चेहरा बघत होते म्हणून मला दिसलं, त्या थांबल्या नाहीत, काही आठवलं असंही वाटलं नाही. हात फिरतोय तशी ती आपोआप आली.

सरलं माजं दळण, सूप ठिवते झाकून
ल्योक साळंला जाईल, ताजी भाकर खाऊन

जातं थांबलं. जमीर सरांनी चेहरा बाहीत खुपसला.

"हीच," ते म्हणाले. "अम्मी, हीच ती."

"मला काय ठावं तू ही शोधतोस?" अम्मा म्हणाल्या. "दळण सरल्याबिगर सरतीची कशी यील? तू विचारायचास तवा मी शेंगा फोडत बसलेली."

परीक्षक बाईंनी विचारलं, "ही जुनी आहे का अम्मा?"

"माझ्या सासूची. ती 'रानाला जाईल' म्हणायची. तिचा ल्योक साळंत कुठं गेला? माझा जायाला लागला, मंग मी साळंला केलं."

पीठ झटकत आत्या म्हणाल्या, "आता गं बया! यांनी बदलली ती खरी, अन् आमच्या सुनंनं केली ती खोटी?"

उत्तर अम्मांनीच दिलं, माझ्याकडं बघून, अगदी मायेनं.

"तिनं दळलं नव्हतं ना."

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. "दोनशे बारावं पान पाचही प्रतींत बदला," त्या म्हणाल्या. "खाली अम्मांचं नाव, वय, गाव. माझी गाडी सुटायच्या आत." मग मला म्हणाल्या, "आणि तुमची तुमच्याकडं ठेवा. तुमच्या कथेत वापरा. वाईट नाही ती, फक्त चुकीच्या घरात गेली होती."

मी टपरीवर आले. पाच कागद, चार कार्बन. बोटं खिळे ठोकल्यासारखी पडली. हे पान टाइप करताना मी एकही अक्षर स्वतःचं टाकलं नाही, त्याचा मला आजही अभिमान आहे. बाइंडरनं पान चिकटवलं, बाईंनी अहवालावर सही केली आणि त्या गाडीत बसल्या.

मग मी सरांना म्हटलं, "आणखी एक पान बदलायचं राहिलंय. ऋणनिर्देशाचं." त्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'अचूक टंकलेखनाबद्दल' म्हणून माझे आभार. "त्यातलं 'अचूक' काढते. माझं नावच काढलं तरी चालेल."

सरांनी प्रबंध उचलून छातीशी धरला. सकाळपासून पहिल्यांदा हसले.

"ताई, त्या पानाला हात लावायचा नाय. तुमच्यामुळं अम्मीची वव्ही मिळाली. अन् तुमच्यामुळंच माझा जीव जाता जाता राहिला. दोन्ही बरोबरीचं. राहू द्या."

ते कॉलेजात रुजू झाले. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आमच्या घरी यायचा, आणि डब्यावर चिठ्ठी असायची, 'अचूक टायपिस्टसाठी'. मी एम.ए. सेकंड क्लासात झाले. देशमुख मॅडमनी त्या दिवसाचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही, फक्त पुढच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईत लिहिलं, 'आता प्रश्नाचे उत्तर देता, बरे वाटले.' माझ्या ओवीभोवती मी एक कथा लिहिली, तिच्यात टाइप करणारी एक बाई आहे. दोन ठिकाणांहून परत आली, तिसरीकडं छापली. आत्यांना वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "यात आपलं जातं कुठंय?" मग पुढच्या कथेत जातं घातलं.

एक हळहळ मात्र आहे. पीएच.डी.चा फॉर्म मी दोनदा आणला आणि दोनदा भरला नाही. एकदा पोरीची दहावी होती, एकदा यांचं ऑपरेशन. पुढं कॉम्प्युटर आले, टपरी गेली, मी मराठी अक्षरजुळणी शिकले आणि तीही केली. आता डोळे तळटिपा ओळखत नाहीत, म्हणून बंद केलं. सकाळी दोन तास लिहिते, दुपारी झोपते. तक्रार करण्यासारखं काही शोधूनही सापडत नाही.

मागच्या महिन्यात ग्रंथालयात गेले होते. जमीर सरांचा प्रबंध काढला. दोनशे बारावं पान लगेच सापडतं. बाकी पानांची शाई फिकट झालीय, ते पान अजून गर्द आहे, त्या दिवशी मी नवी रिबन लावली होती. अम्मांची ओवी वाचली, खाली त्यांचं नाव वाचलं. मग पहिली पानं उलटून ऋणनिर्देश काढला. 'अचूक टंकलेखनाबद्दल', आणि पुढं माझं नाव.

शंभराच्या वर प्रबंध मी टाइप केले. त्यांत जी एक गोष्ट साफ खोटी आहे ती हीच. ते पान मात्र मी बदललेलं नाही.